सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा

घरात मागचे पाय गेलेलं मांजर आहे म्हटल्यावर पाहुणे आधी पायांचंच विचारतात. चालतं कसं, जिना कसा चढतं, चाकाचा गाडा-बिडा लावता येतो का. मग जरा चुकचुकतात, "बिचारं" म्हणतात आणि चहाकडे वळतात. लघवीचं कुणी विचारत नाही. खरं तर पायांवाचून मांजराचं फारसं अडत नाही. पुढच्या दोन पायांवर ते घरभर सरकतं, सोफ्याच्या कडेला नखं रोवून वर चढतं, झाडूच्या काड्या ओढतं, दुसऱ्या मांजराच्या थाळीतलं पळवतं. पाय गेल्याचं दुःख बघणाऱ्यालाच जास्त. मांजराचं अडतं ते लघवीपाशी. कण्याला मार बसला की पायांकडे जाणाऱ्या नसा तुटतात, तशाच मूत्राशयाकडे जाणाऱ्याही तुटतात. मग ती पिशवी माणसाला हातानं रिकामी करावी लागते. रोज, आठ-आठ तासांनी, मांजर असेपर्यंत.

मांजरावर ही वेळ येते ती बहुतेक ठरलेल्या कारणांनी. दुचाकीची किंवा रिक्षाची धडक, जाळी नसलेल्या गॅलरीतून पडणं, कुत्र्यानं पाठीत धरून झटकणं, किंवा शेपूट चाकाखाली सापडून ओढली जाणं. शेवटच्या प्रकारात पाय बरेचदा शाबूत असतात, फक्त शेपूट लोंबते. म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि लघवी बंद आहे हे दोन दिवसांनी कळतं. अशा मांजरात लघवीवरचा ताबा परत यायचाच असेल तर साधारण महिन्याभरात येतो. त्यानंतर आशा कमी होत जाते. पाचवं कारण अगदी वेगळं आहे आणि ते ओळखता आलं पाहिजे. कसलाही मार नाही, मांजर अचानक किंचाळतं, मागचे पाय लुळे पडतात, हात लावला तर गार लागतात, तळव्याच्या गाद्या फिक्या किंवा निळसर दिसतात. ही कण्याची दुखापत नाही. हृदयात झालेली रक्ताची गुठळी पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकलेली असते. त्यात असह्य वेदना असतात आणि त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो.

कण्याच्या दुखापतीत डॉक्टर चिमट्यानं पायाचं बोट दाबून बघतात. मांजरानं पाय मागे ओढला की घरचे खूश होतात, "कळतंय त्याला!" पण पाय ओढणं ही कण्यातल्या कण्यात होणारी प्रतिक्रिया आहे, मेंदूपर्यंत काही पोचलं याचा तो पुरावा नव्हे. मांजरानं मान वळवून बघितलं, ओरडलं, चावायला आलं, तर वेदना वर पोचली. या फरकावर पुढचा बराचसा अंदाज बांधला जातो. म्हणून तपासणीच्या वेळी पायांकडे बघू नका, तोंडाकडे बघा.

आता पिशवीचं. दुखापत कण्यात कुठे झाली त्यावर पिशवी दोन प्रकारांनी वागते. दुखापत छाती-कमरेच्या पट्ट्यात असेल तर पिशवीचं तोंड घट्ट राहतं. आत लघवी साठत जाते, दाबूनही सहज येत नाही. दुखापत माकडहाडाजवळ असेल तर पिशवी सैल पडते. ती दाबायला सोपी, पण गळते. घट्ट पिशवीला तोंड सैल करणारी औषधं देतात, प्राझोसिन हे त्यातलं नेहमीचं. इथे एक अडचण येते. माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारी ही गोळी बरेचदा पोटात सावकाश विरघळणारी असते. ती तोडली की सगळं औषध एकदम सुटतं आणि मांजराचा रक्तदाब घसरतो. तेव्हा चिठ्ठी घेऊन गेलात तरी "तोडून देता येईल अशीच" हे विचारून घ्यायचं. सैल पिशवीला आकुंचन देणारं औषधही असतं, पण वाट अडलेली असताना ते दिलं तर घात होतो. म्हणून ही दोन्ही औषधं डॉक्टरांनी ठरवायची, शेजारच्या मांजराला लागू पडली म्हणून आपण नाही.

या सगळ्यात महाग पडणारा गैरसमज एकच आहे: थेंब थेंब गळतंय, म्हणजे लघवी होते आहे. होत नसते. भरलेला हंडा काठावरून सांडावा तसं ते असतं, आत हंडा भरलेलाच. अशी ताणलेली पिशवी दिवसचे दिवस राहिली की तिचा स्नायू कायमचा ढिला पडतो, आणि पुढे नसा सुधारल्या तरी पिशवी सुधारत नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात ते वेगळंच. बोक्याची वाट पूर्ण बंद झाली तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जीवावर बेतू शकतं, कारण रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं.

पिशवी रिकामी करायला शिकायचं ते डॉक्टरांचा हात आपल्या हातावर ठेवून. व्हिडिओ बघून दिशा कळते, दाब कळत नाही. पहिल्यांदा बोटांखाली काहीच सापडत नाही, सगळं पोट सारखंच मऊ लागतं. हात बसायला साधारण आठवडा जातो. त्या आठवड्यात दिवसातून एकदा तरी दवाखान्यात जाऊन खरंच रिकामी झाली का हे तपासून घ्यायची लाज बाळगू नये.

मांजराला बाथरूमच्या फरशीवर किंवा अंडरपॅड टाकलेल्या टेबलावर घ्यायचं. अंडरपॅड म्हणजे मेडिकलमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतो तो निळ्या पाठीचा कागद. मांजराचं तोंड आपल्या डावीकडे, शेपूट उजवीकडे. डावा हात छातीखाली, म्हणजे पुढचा भाग सावरलेला राहतो. उजव्या हाताचा अंगठा पोटाच्या एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे. आधी दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं. बोटांत एक गोळा येतो, गुळगुळीत, ताणलेला, बोटांखालून सटकणारा. नुकती रिकामी झालेली पिशवी सुपारीएवढी लागते किंवा लागतच नाही. आठ तासांची भरलेली कागदी लिंबाएवढी असते. मोसंबीएवढी लागली तर तुम्हाला उशीर झालेला आहे. कण्याला लागून वर जे दोन टणक गोळे लागतात ती मूत्रपिंडं, त्यांना हात लावायचा नाही. कण्याखाली ओळीनं खडे लागले तर ती तुंबलेली शी. या तीन गोष्टी बोटांना वेगळ्या ओळखू आल्या की निम्मं शिक्षण झालं.

मग दाब. बोटांची टोकं रोवायची नाहीत, बोटं सपाट. दोन्ही बाजूंनी सारखा, सावकाश वाढवत नेलेला दाब, रोख मागे शेपटीकडे. दोन-तीन सेकंद काही होत नाही आणि मग धार लागते. धार लागली की दाब आहे तेवढाच धरून ठेवायचा. नवशिके इथेच चुकतात. धार बघून उत्साहानं जोर वाढवतात, मांजर पोट ताठ करतं आणि धार तुटते. पोट ताठरलं तर हात ढिला करायचा, कानामागे खाजवायचं, श्वास सोडताना पोट मऊ होतं ती वेळ साधायची. धार थांबली की सोडून दहा सेकंद थांबायचं आणि पुन्हा चाचपायचं. दुसऱ्या फेरीत थोडी निघते, तिसऱ्या फेरीत चमचाभर. तळाशी राहिलेल्या त्या चमचाभर लघवीतच जंतू वाढतात, तेव्हा "झालं एवढं पुरे" म्हणून उठायचं नाही. सराव झाला की सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

भरलेली पिशवी हाताला लागते आहे, दाब दिला आहे आणि एक थेंब येत नाही, असं झालं तर तिथेच थांबा. जोर केला तर पिशवी फुटू शकते. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात खड्यांची वाळू किंवा चिकट बुळबुळीत गोळी अडकते. ते काम दवाखान्यात नळी घालून व्हायचं.

किती निघायला हवी याचा ठोकताळा आहे. मांजर दर किलो वजनामागे तासाला साधारण १ ते २ मिलिलिटर लघवी तयार करतं. चार किलोच्या मांजराची आठ तासांची होते ३० ते ६० मिलिलिटर. मोजायला मापं लागत नाहीत, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कोरा अंडरपॅड आधी वजन करायचा, ओला झाल्यावर पुन्हा करायचा. फरक जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. एक वही ठेवायची: वेळ, ग्रॅम, रंग, वास, शी झाली का. मांजराचा आजार वहीत आधी दिसतो, मांजरावर नंतर. नेहमी पन्नासच्या आसपास असलेला आकडा दोन वेळा ओळीनं वीसवर आला, लघवी गढूळ झाली, वास बदलला, एरवी कोरडं राहणारं मांजर मध्येच गळायला लागलं, तर जंतुसंसर्ग धरून चालायचं. ताप बघायचा असेल तर मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या अठ्ठ्याण्णवशी तुलना करू नये. लघवी कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू वाढतात हे तपासायला पाठवावी आणि नमुना डॉक्टरांनी सुईनं थेट पिशवीतून घेतलेला असावा, फरशीवरून टिपलेला नाही. फरशीवरच्या नमुन्यात फरशीचेच जंतू निघतात. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकं परत सुरू करण्याची जी सवय घराघरात आहे, ती या मांजराला सगळ्यात घातक. दोन-तीनदा असं झालं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि याला तर हा संसर्ग जन्मभर अधूनमधून होत राहणार आहे.

वेळा तीन: सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. नाशकातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीनं जाणाऱ्या घरांना हे हिशोब चटकन समजतात. घरात दोघं वेगवेगळ्या पाळीत असतील तर उलट सोयीचंच. दोघंही नऊ ते सहा नोकरी करणारी असतील तर दुपारची वेळ अवघड जाते. सैल पिशवीच्या मांजराला कधीमधी बारा तासांचं अंतर चालून जातं, घट्ट पिशवीच्या मांजराला ते रोज देऊ नये. त्यापेक्षा शेजारच्या आजींना किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराला शिकवून ठेवलेलं बरं. पोरं हे काम लवकर शिकतात, त्यांना किळस कमी असते. रात्री पाणी काढून ठेवावं, म्हणजे सकाळपर्यंत पिशवी भरणार नाही, असा सल्ला हमखास कुणीतरी देतं. तो ऐकू नका. घट्ट, पिवळीजर्द लघवी संसर्गाला आणि खड्यांना आमंत्रण देते. पाणी भरपूरच हवं, कोरड्या दाण्यांपेक्षा ओलं खाणं हवं.

खाण्यात लोक जिथे चुकतात ते म्हणजे रस्सा. मांजराला पाणी जावं म्हणून चिकनचं पाणी देणं उत्तम, पण ते घरच्या भाजीतून काढून दिलेलं नको. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो की पावडर असो, मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याशिवाय काही शिजवणं जिवावर येतं खरं, तरी मांजराचा तुकडा मीठ-मसाल्याआधी वेगळा उकडावा. नुसत्या चिकन-भातावर मांजर जगवू नये. टॉरिन हा मांजराला खाण्यातूनच मिळावा लागणारा घटक कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला, त्यानंतर मांजराच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. घरचं द्यायचंच असेल तर पूरक मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि वजन वाढू देऊ नये. लठ्ठ मांजराची पिशवी चरबीतून सापडत नाही आणि त्याच्या पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढायचा भार असतो. आठवड्यातून एकदा वजन, तेही वहीत.

शीचं गणित थोडं सोपं आहे. दिवसाआड तरी व्हायला हवी. लघवी काढून झाली की गुदद्वाराभोवती कोमट ओल्या कापसानं हलकेच चोळलं तर बऱ्याच मांजरांना आपोआप येते. खडे वर लागत असतील तर लाल भोपळा उकडून, सालाशिवाय, एक चहाचा चमचा खाण्यात कालवून बघा. त्यानं नाही भागलं तर लॅक्टुलोजचं सिरप मिळतं, मात्रा डॉक्टरांची. माणसांसाठी मेडिकलमध्ये फॉस्फेटचा तयार एनिमा मिळतो, तो मांजराला चुकूनही देऊ नये. रक्तातलं कॅल्शियम कोसळून मांजर दगावतं.

कातडीची निगा मात्र रोजची आणि चिवट आहे. सरकणारं मांजर नेहमी एकाच बाजूला कलून सरकतं. पाय एकाच बाजूला लोळतात, त्यामुळे त्याच बाजूचं खुब्याचं हाड, गुडघा आणि पावलाची वरची बाजू घासत राहते. जखम व्हायच्या आधी तिथले केस विरळ होतात, कातडी गुलाबी आणि किंचित चकचकीत दिसायला लागते. हे दिसलं की तेव्हाच थांबवायचं. एकदा कातडी सोलली की बधिर भागातली जखम महिना-महिना भरत नाही. शिवाय मांजराला ती दुखत नाही, त्यामुळे ते चाटून-चावून वाढवतं. फरशी कोणती यावर बरंच अवलंबून आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सरकणं सोपं, घासणं कमी. शहाबादी फरशीवर आणि काथ्याच्या पायपुसण्यांवर कातडी सोलते. (तोल न सांभाळता येणाऱ्या, जन्मतः छोटा मेंदू अपुरा असलेल्या मांजरांचं नेमकं उलट. त्यांना गुळगुळीत फरशी म्हणजे संकट, त्यांच्यासाठी योगा मॅट अंथरायच्या. दोन्ही प्रकारची मांजरं एका घरात असतील तर अर्ध्या-अर्ध्या खोलीची वाटणी करावी लागते.) जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून उंबरे उंच असतात आणि मांजर पोटावर घासत ते ओलांडतं. चार इंचांच्या उंबऱ्याला दोन्हीकडून दोन-दोन फूट लांबीची प्लायची फळी उतरती लावली की भागतं.

मागच्या नखांकडे कुणाचं लक्ष जात नाही. चालणंच नाही तर ती झिजत नाहीत, वळत वळत तळव्याच्या गादीत घुसतात, आणि बधिर असल्यामुळे मांजर तक्रारही करत नाही. पंधरा दिवसांनी कापायची, आतली गुलाबी शीर सोडून. पायांचा व्यायाम दिवसातून दोनदा: घोटा, गुडघा, खुबा, एकेक सांधा दहा-दहा वेळा सावकाश दुमडायचा आणि उघडायचा, मग दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे फिरवायचे. त्यानं पाय परत येतात असं नाही. सांधे आखडून काटकीसारखे ताठ होत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग, पण आखडलेले पाय सगळीकडे अडकतात आणि जास्त सोलतात. चाकांच्या गाड्याबद्दल एका वाक्यात सांगायचं तर कुत्र्यांना तो आवडतो, मांजरांना बहुधा नाही.

गळणाऱ्या मांजराला नवजात बाळाच्या आकाराचा डायपर बसतो, शेपटीसाठी मधोमध भोक पाडून. भोकाच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावायची, नाहीतर आतलं जेल बाहेर येतं आणि मांजर ते चाटतं. चार ते सहा तासांनी बदलायचा, रात्री शक्यतो नकोच. डायपर घातला म्हणून पिशवी रिकामी करायची नाही, असं होत नाही. लघवीनं भिजलेली कातडी लाल होते, तिथले केस बारीक कापावेत, कोमट पाण्यानं धुवावं आणि पूर्ण कोरडं करावं. टिपून कोरडं, चोळून नाही. बाळांच्या रॅशवरची बहुतेक मलमं झिंक ऑक्साइडची असतात आणि मांजर ती चाटतं, झिंक पोटात जाणं त्याला विषारी. पेट्रोलियम जेलीचा पातळ हात पुरतो.

आणि फरशी पुसायचं फिनेल. आपल्याकडे लघवी म्हटली की फिनेल हे ठरलेलं. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं यांत फिनॉलच्या जातीची रसायनं असतात आणि मांजराचं यकृत ती बाहेर टाकू शकत नाही. चालणाऱ्या मांजराचे चार तळवेच ओल्या फरशीला लागतात, सरकणाऱ्याचं अर्धं अंग लागतं आणि नंतर ते अंग चाटून साफ करतं. साबणाचं गरम पाणी, मग साधं पाणी, आणि वास राहिला तर पातळ व्हिनेगर. ब्लीच वापरायचं असेल तर लघवी आधी पूर्ण पुसून घ्या, नाहीतर दोन्ही मिळून घशाला झोंबणारा वायू सुटतो. नंतर फरशी साध्या पाण्यानं दोनदा.

ऋतूंनुसार कामं बदलतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहून खाली. या मांजराच्या मागच्या भागात रक्त कमी खेळतं, हालचाल नाही, त्यामुळे पाय गार पडतात. दया येऊन लोक गरम पाण्याची पिशवी थेट अंगाशी ठेवतात. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, सकाळी फोड दिसतो. पिशवी दोन पदरी गोधडीत गुंडाळून, मांजराला तिच्यापासून लांब सरकता येईल अशा जागी ठेवावी. सगळ्यात चांगलं म्हणजे सकाळचं ऊन. नऊ ते अकरा गॅलरीत, पण जाळी लावलेल्या गॅलरीत, कारण दोन पायांचं मांजरही कठड्यावर चढतं.

पावसाळा सगळ्यात वाईट. धडुती वाळत नाहीत, केसांत ओल राहते, बुरशी धरते आणि माश्या वाढतात. लघवी किंवा शी लागलेल्या ओल्या केसांत माशीनं अंडी घातली की एका दिवसात अळ्या पडतात. बधिर भागात किडे पडलेले मांजराला जाणवत नाहीत, आपल्याला वासावरून कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. जुलै ते सप्टेंबर शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा उजेडात, केस बाजूला सारून बघायचा. बुडाकडचे केस पावसाळ्याचे चारही महिने मशीननं बारीक ठेवले तर निम्मी डोकेदुखी जाते. गोचीड-पिसवांचं औषध घेताना डब्यावर मांजराचं चित्र आहे ना ते बघून घ्यावं. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात आणि ते मरतं.

गोदाकाठची घरं गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी ऐकतात आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघतात. साधं मांजर पाणी दिसताच माळ्यावर पळतं. हे पळू शकत नाही. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याचं कळलं की तळमजल्यावरचं मांजर वरच्या मजल्यावर हलवून टाकावं, कमरेची वाट बघू नये. बरोबर अंडरपॅड, वही, औषधं. सिंहस्थाचंही तेच. २०१५ च्या पर्वण्यांना पंचवटी आणि जुन्या गावातले रस्ते गाड्यांना बंद होते, २०२७ मध्ये पुन्हा पर्वण्या आहेत. दवाखाना नदीपलीकडे असेल तर आठवड्याचा साठा आणि अलीकडच्या एखाद्या डॉक्टरांचा पत्ता आधी जुळवून ठेवावा. मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवायला न्यायचं झालं तर निघताना पिशवी रिकामी करायची, कसारा घाटातल्या वाहतुकीचा भरवसा धरायचा नाही आणि अंडरपॅड हाताशी ठेवायचे, डिकीत नाही.

"अहो, कशाला जीव अडकवून ठेवलाय त्याचा? सोडवा की आता." हे वाक्य येतंच, बहुधा आपल्यावर माया असलेल्याच माणसाकडून. त्याला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही, प्रश्न खरा आहे. बघायचं ते असं: मांजर हौसेनं खातं का, पुढचे पाय आणि तोंड स्वतः चाटून साफ करतं का, दारावरच्या आवाजाला कान टवकारतं का, खेळतं का. ही उत्तरं होकाराची असतील तर लुळे पाय हे मरणाचं कारण नव्हे. जखमा भरेनाशा झाल्या, संसर्ग महिन्या-महिन्याला उलटू लागला, मांजर कोपऱ्यात तोंड करून बसायला लागलं, तर डॉक्टरांशी त्या विषयावर बोलायची वेळ झाली. आणि घरात तीन वेळा हात लावणारं माणूसच नसेल, तर तसं सरळ सांगून टाकणाऱ्याला नावं ठेवू नयेत. प्रेम आहे पण दुपारचे दोन चुकतात, अशा घरात ते मांजर जास्त हाल काढतं.

दुसरं माणूस तयार करणं मात्र टाळू नये. लग्नकार्य निघतं, गावी जावं लागतं, कामकर्त्याचाच हात मोडतो. शिकवायचं ते जायच्या आदल्या दिवशी नाही. आधी आठवडाभर त्यांनी करायचं आणि आपण बाजूला उभं राहून, नंतर पिशवी चाचपून बघायची. किती राहिली ते त्यांना दाखवायचं. मांजर नवख्या हाताला पहिले तीन-चार दिवस चावायला बघतं, म्हणून त्याची रेबीजची लस वेळेवर झालेली असावी आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर असावी. त्याच पानावर नेहमीचा ग्रॅमचा आकडा, औषधांच्या मात्रा, पिशवी घट्ट की सैल हे शब्दांत, आणि एक ओळ ठळक: धार आली नाही तर जोर नको, फोन करा. खाली दोन डॉक्टरांचे नंबर, एक रात्रीचा. काट्याचे सेल नवे घालून ठेवावेत, ते नेमके त्याच आठवड्यात संपतात.